धुराचा रंग आणि तेलाचा डाग
– जुन्या टर्बो गाडीचं दुखणं कसं ओळखावं?

मित्रांनो, सुट्या लागायच्या दिवशी होस्टेलच्या गेटवर एकदा उभे राहून बघा. एमएच-२७, एमएच-३०, मधूनच एखादी एमएच-२८ किंवा एमएच-२९. कुणाचे बाबा, कुणाचे काका पोरांना न्यायला आलेले. त्यातल्या निम्म्या गाड्या दहा-पंधरा वर्षं जुन्या, टर्बो डिझेल. गाडी निघून जाते आणि मागे दोन गोष्टी ठेवून जाते : सिमेंटवर तेलाचा एक काळा डाग आणि हवेत धुराचा लोट. आपण नाकाला रुमाल लावतो आणि विसरून जातो. पण त्या डागात आणि त्या धुरात गाडीच्या आजाराचा अख्खा रिपोर्ट लिहिलेला असतो. फक्त तो वाचता आला पाहिजे.

हा विषय मी का निवडला? कारण आपल्या वऱ्हाडात अशी जुनी गाडी म्हणजे हौस नाही. खेड्यात पूर्ण गल्लीत एकच गाडी असते. लग्नाला तीच, बाजाराला तीच, आणि रात्री दोन वाजता कुणाला अमरावतीच्या इर्विनला किंवा अकोल्याच्या सर्वोपचारला न्यायचं असेल तर तीच. अशी गाडी धूर सोडायला लागली की गॅरेजमध्ये एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं, “टर्बो गेला!” आणि त्या दोन शब्दांत घरचा एका हंगामाचा पैसा जातो. कधी कधी टर्बो खरंच गेलेला असतो. पण पुष्कळ वेळा तो बिचारा निर्दोष असतो, दोषी दुसराच कुणीतरी असतो.

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत गिअर टाकताना थोडा आवाज येईल. सांभाळून घ्या!)

टर्बो म्हणजे काय भानगड?

इंजिनात इंधन जाळायला हवा लागते. जास्त हवा कोंबली की जास्त इंधन जाळता येतं, म्हणजे तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद. ही हवा कोंबण्यासाठी वेगळी ताकद खर्च न करता सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूचाच उपयोग करायचा, ही कल्पना स्वित्झर्लंडच्या अल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअरची. त्याने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. आपल्याकडे रस्त्यावर ही कल्पना सर्वसामान्य झाली ती बरीच उशिरा. १९९८ ची टाटा सफारी, २००२ ची महिंद्रा स्कॉर्पिओ, आणि २००७ मध्ये आलेली मारुती स्विफ्ट डिझेल. स्विफ्टमधलं १२४८ सीसीचं फियाटच्या डिझाइनचं इंजिन तर पुढे इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलं की लोक गमतीने त्याला देशाचं ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे. २०२० मध्ये बीएस-६ चे नियम आले आणि मारुतीने ते इंजिन बंद केलं. पण रस्त्यावर ते अजून भरपूर आहे आणि आता म्हातारं होत आहे.

टर्बोची रचना सोपी आहे. एक दांडा, म्हणजे शाफ्ट. त्याच्या एका टोकाला टर्बाइनचं चाक, दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरचं चाक. गरम वायू टर्बाइन फिरवतो, त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून इंजिनात ढकलतो. वेग किती? छोट्या गाडीच्या टर्बोत मिनिटाला दीड-दोन लाख फेरे! घरचा सीलिंग फॅन साधारण तीनशे-साडेतीनशे फेरे मारतो, त्यावरून अंदाज करा.

एवढ्या वेगाला साधं बेअरिंग पुरत नाही. म्हणून हा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगतो. इंजिनचं ऑइल एका बारीक पाइपने दाबाखाली टर्बोत येतं, बेअरिंगला न्हाऊ घालतं, गरम होतं, फेसाळतं आणि खालच्या जाड पाइपने चेंबरमध्ये परत जातं. परतीचा पाइप जाड का? कारण तिथे दाब नसतो. ऑइल आपल्या वजनाने खाली उतरतं. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे.

‘सील फुटलं’ म्हणजे नेमकं काय?

आपल्याला वाटतं टर्बोत रबराचं सील असेल, ते फाटलं की तेल गळतं. पण तसं नसतं. टर्बाइनच्या बाजूला डिझेल गाडीतही सहा-सातशे अंश सेल्सिअसच्या आसपासची आग असते, तिथे रबर टिकणार कसं? तिथे पिस्टन रिंगसारखी एक बारीक लोखंडी रिंग असते. ती तेल पूर्णपणे अडवत नाही. तेल अडतं ते मुख्यतः दाबाच्या फरकामुळे. टर्बाइनच्या आणि कॉम्प्रेसरच्या घरात दाब जास्त, मधल्या तेलाच्या घरात कमी. त्यामुळे तेल बाहेर न येता खाली उतरतं.

आता हे गणित बिघडायचे तीन मार्ग बघा. एक, परतीचा पाइप तुंबला, वाकला किंवा पॅकिंगला लावलेलं सिलिकॉन सोल्युशन आत घुसून भोक लहान झालं. दोन, चेंबरमध्येच दाब वाढला, मग तेल खाली उतरेल कसं? तीन, एअर फिल्टर इतका चोंदला की कॉम्प्रेसरच्या तोंडाशी निर्वात तयार झाला आणि त्याने तेल ओढून घेतलं. तिन्ही केसमध्ये टर्बोतून तेल बाहेर येईल, निळा धूर दिसेल. आणि तिन्ही केसमध्ये टर्बो मात्र ठणठणीत असेल! अशा वेळी नवा टर्बो बसवला तर तोही महिन्याभरात तसंच तेल ओकणार. मग मालक म्हणतो पार्ट डुप्लिकेट निघाला.

चेंबरचा श्वास

कोणत्याही इंजिनात पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने थोडा वायू खाली चेंबरमध्ये सुटतोच. त्याला ब्लो-बाय म्हणतात. हा वायू बाहेर काढायला एक श्वासनळी असते, ती म्हणजे ब्रीदर. ब्रीदरमधून वायू येतो, त्यातलं तेल एका सेपरेटरमध्ये गाळलं जातं आणि उरलेला वायू पुन्हा टर्बोच्या तोंडाशी सोडून जाळला जातो.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला : टर्बोनंतरच्या पाइपमध्ये किंवा इंटरकूलरमध्ये तेलाचा हलका ओलावा असणं नॉर्मल आहे. तेवढ्यावरून “टर्बो गेला” म्हणणं चूक आहे. दुसरा : ब्रीदर तुंबला की चेंबरमध्ये वाफ कोंडते, झाकण घट्ट बसवलेल्या कुकरसारखी. मग ती जिथून जागा मिळेल तिथून तेल ढकलते : टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून, क्रँकच्या ऑइल सीलमधून, ऑइलच्या पट्टीच्या नळीतून आणि अर्थात टर्बोतून.

म्हणून एक सोपा नियम : तेल एकाच जागेवरून गळत असेल तर त्या जागेचा दोष. एकाच वेळी चार-पाच जागांवरून पाझरायला लागलं तर आधी दाब बघा.

गळती शोधायची रीत

१) पुठ्ठा ठेवा. रात्री गाडीखाली एक मोठा पांढरा पुठ्ठा अंथरा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा खुणा करून ठेवा. सकाळी डाग कुठे आहे ते बघा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली असेल तर मागच्या ऑइल सीलचा संशय. पट्ट्याच्या बाजूला असेल तर पुढच्या सीलचा. रंगही बघा. काळं म्हणजे इंजिन ऑइल, हिरवं किंवा गुलाबी पाणीदार म्हणजे कुलंट. एसीचं साधं पाणी पाहून घाबरू नका.

२) आधी धुवा, मग शोधा. जुन्या इंजिनावर तेल आणि मातीचा इतका थर असतो की सगळंच ओलं दिसतं. डिझेलचा ब्रश मारून इंजिन पुसून, वाळवून स्वच्छ करा. इंजिन थंड असतानाच, आणि वायरिंगच्या कपलरवर पाण्याचा फवारा न मारता.

३) पावडर टाका. संशयाच्या जागी साधी टाल्कम पावडर भुरभुरवा, दहा-पंधरा किलोमीटर फिरून या. जिथून तेल निघतं तिथे पावडरवर ओली रेघ उमटते. मोठ्या वर्कशॉपमध्ये तेलात रंग मिसळून निळ्या प्रकाशात बघतात, तत्त्व तेच.

४) वरून खाली बघा. तेल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं. म्हणजे सगळ्यात खालचा थेंब कधीच पुरावा नसतो. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा हा खरा पुरावा. चेंबरचं पॅकिंग बदलून झालं, पैसे दिले, आणि तेल मात्र वरून टॅपेट कव्हरमधून येत होतं, असे किस्से प्रत्येक गॅरेजमध्ये मिळतील.

५) झाकण उघडा. इंजिन स्लोवर चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा आणि नुसतं उलटं ठेवा. (काही इंजिनांत तेलाचे शिंतोडे उडतात, तोंड वर नेऊ नका.) झाकण थोडं थरथरलं तर ठीक. उड्या मारून खाली पडलं तर दाब आहे. आता ब्रीदरचा पाइप सेपरेटरपासून काढून मोकळा करा. झाकणाच्या उड्या थांबल्या तर ब्रीदरच तुंबला होता. मोकळ्या तोंडातूनही भपभप वायू येत राहिला तर रिंगा झिजल्या आहेत. आपल्या मूर्तिजापूरच्या शकुंतलेला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, घरच्या म्हाताऱ्यांना तिचे भपकारे आठवत असतील. तसाच आवाज!

धुराचे रंग

आता सायलेन्सरकडे येऊ. रंग महत्त्वाचा आहेच, पण तो *केव्हा* येतो हे त्याहून महत्त्वाचं.

काळा धूर : डिझेल जास्त किंवा हवा कमी. तेलाशी याचा संबंध नाही. एअर फिल्टर चोंदला, ईजीआर वाल्व काजळीने उघडाच अडकला, इंजेक्टर टपकतोय, किंवा टर्बो आणि इंजिनमधला होज पाइप फाटला. शेवटचं कारण फार कॉमन आहे. टर्बो हवा देतो, पण ती फाटक्या पाइपमधून वाटेतच निसटते. पिकअप नाही, जोर दिला की ‘फुस्स’ असा आवाज, आणि मागे काळा लोट. पाइपच्या फाटलेल्या जागी तेलकट काळा डाग असतो. क्लिप आवळणं किंवा पाइप बदलणं, एवढंच काम.

निळा धूर : इंजिन ऑइल जळतंय. वास जळक्या तेलाचा, डोळ्यांत झोंबणारा. सकाळी पहिल्या स्टार्टला एक झुबका आणि मग बंद, तर वाल्वची ऑइल सीलं. चढावर, जोर दिल्यावर सतत, तर बहुधा रिंगा. सिग्नलवर दोन-तीन मिनिटं उभं राहून पुढे रेस दिल्यावर मोठा ढग, तर टर्बोत तेल साचतंय. पण ते टर्बोमुळे, परतीच्या पाइपमुळे की दाबामुळे, हे अजून ठरायचं आहे. आणि सगळ्यात आधी पट्टी बघा! ऑइल वरच्या खुणेच्या खूप वर भरलेलं असेल तर क्रँक ते घुसळतो आणि ब्रीदरवाटे धुरात पाठवतो. ‘थोडं जास्तच टाक, गाडीला बरं’ हा प्रेमाचा प्रकार इंजिनला झेपत नाही.

पांढरा धूर : थंडीच्या सकाळी थोडा येऊन विरला तर ती वाफ आहे, सोडून द्या. तीव्र डिझेलचा वास आणि इंजिन थरथरतंय, तर डिझेल न जळता बाहेर येतंय. ग्लो प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन बघा. गोडसर वास, कुलंटची पातळी रोज खाली, तर हेड गॅस्केटचा संशय. पट्टीवर तेल दुधी कॉफीसारखं दिसलं तर संशय आणखी पक्का. अशी गाडी चालवू नका, टोचन करून न्या.

पीयूसीवाला मशीन लावतो ते धुराची घनता मोजतं. जागेवर पूर्ण रेस देऊन बीएस-४ डिझेलसाठी मर्यादा १.६२ आणि त्याआधीच्या डिझेल गाड्यांसाठी २.४५ प्रति मीटर आहे. मशीन किती धूर ते सांगतं, का ते सांगत नाही. ‘का’ आपल्यालाच शोधावं लागतं.

एक केस

आमच्या मामांकडे दर्यापूर भागात एक जुनी टर्बो डिझेल गाडी आहे. नाव सांगत नाही, कारण हे कोणत्याही गाडीत होऊ शकतं. मागच्या दिवाळीत ती निळा धूर टाकायला लागली. एका गॅरेजमध्ये निकाल मिळाला, “टर्बो गेला, हाफ इंजिन करा लागते.” मामा मला म्हणाले, “तू मेकॅनिकल शिकून राह्यली ना बाई, मंग सांग बरं, याले काय झालं?”

आम्ही कागदावर लक्षणं मांडली. टॅपेट कव्हर ओलं. पुढचं ऑइल सील ओलं. पट्टी अर्धी वर सरकलेली आणि तिच्याभोवती तेल. धूर मात्र चढावर फार नाही, उभं राहून निघाल्यावर जास्त. म्हणजे गळती एका जागेची नाही. दाबाचा संशय आला. झाकण ठेवलं तर उडून बॅटरीवर पडलं. ब्रीदरचा पाइप काढल्यावर झाकण शांत बसलं आणि पाइपमध्ये बोट घातलं तर आत डांबरासारखा गाळ. एअर फिल्टरमध्ये काळ्या मातीची धूळ आणि कापसाची पिंज. ऑइलची पातळी वरच्या खुणेपेक्षा बोटभर जास्त.

मग दुसऱ्या एका मिस्त्रीभाऊंकडे गेलो. त्यांनी टर्बोचा हवेचा पाइप काढून थंड इंजिनवर शाफ्ट हलवून दाखवला. आडवा किंचित हलत होता, मागे-पुढे अजिबात नाही, पाती कुठे घासलेली नाहीत. ते म्हणाले, “ताई, टर्बो बरा हाय. याचा श्वास कोंडला हाय.” ब्रीदर पाइप नवा, सेपरेटर साफ, एअर फिल्टर नवा, टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवं, जास्तीचं ऑइल कमी, इंटरकूलर काढून आतून धुतला. धूर गेला. पुढचं सील मात्र दाबाने कायमचं खराब झालेलं, ते नंतर बदलावंच लागलं. तरीसुद्धा एकूण खर्च टर्बो आणि हाफ इंजिनच्या तुलनेत चिल्लर होता.

मग टर्बो खरंच गेला हे कसं ओळखायचं?

तेल कुठून सुरू होतं ते बघायचं. टर्बोच्या *आधीचा* हवेचा पाइप कोरडा आणि *नंतरचा* तेलाने भरलेला, तर कॉम्प्रेसरच्या बाजूने तेल येतंय. आधीचा आणि नंतरचा दोन्ही ओले, तर ते ब्रीदरमधून येतंय. गरम बाजूला तसंच. इंजिनच्या धुराच्या तोंडाशी कोरडं आणि टर्बाइनच्या पुढे ओलं, तर टर्बो. इंजिनच्या तोंडापासूनच ओलं, तर दोष रिंगांचा किंवा वाल्वचा. शाफ्ट मागे-पुढे हाताला जाणवेल इतका हलतोय, पाती घरावर घासल्याच्या खुणा आहेत, किंवा ॲम्ब्युलन्सच्या सायरनसारखी बारीक शीळ वाढत चालली आहे, तर मात्र टर्बोची वेळ भरली.

आणि बदलायचाच असेल तर एकटा टर्बो बदलू नका. ऑइल, ऑइल फिल्टर आणि तेलाचा बारीक पाइप नवा, परतीचा पाइप साफ, इंटरकूलर धुतलेला, आणि स्टार्ट करण्याआधी टर्बोत ताजं ऑइल ओतलेलं. जुन्या पाइपमधला कार्बन नव्या टर्बोला पहिल्याच आठवड्यात मारू शकतो.

रनअवे : हे नक्की वाचा

डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही. हवेसोबत जे जळण्यासारखं येईल ते जळतं. टर्बोतून किंवा इंटरकूलरमध्ये साचलेल्या तेलातून भरपूर तेल आत गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल खाऊन पळत सुटतं. रेस आपोआप वाढत जाते, पांढऱ्या-निळ्या धुराने रस्ता दिसेनासा होतो आणि *चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही*. कारण चावी फक्त डिझेल बंद करते.

असं झालं तर मॅन्युअल गाडीत ब्रेक पूर्ण दाबा, हॅन्डब्रेक ओढा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच एकदम सोडा. इंजिन गुदमरून बंद पडेल. गाडीसमोर कुणी नाही हे आधी बघा. जमलं नाही तर सगळ्यांना खाली उतरवून लांब व्हा. बोनट उघडून हवेच्या पाइपवर हात किंवा कापड ठेवू नका, ते आत ओढलं जातं, आणि त्या वेगाने इंजिनचे तुकडेही उडू शकतात.

दुसरा धोका आगीचा. टर्बोची गरम बाजू लाल होईपर्यंत तापते. टॅपेट कव्हरमधलं तेल तिच्यावर ठिबकत असेल तर बोनटमधून जळका वास येतो. ‘चालते थोडंसं’ म्हणून हा वास सोडून देऊ नका. गाडीत घरची माणसं बसलेली असतात.

वऱ्हाडात जास्त काळजी का?

आपल्याकडचा उन्हाळा सांगायला नको. मे २०२४ मध्ये अकोल्यात उष्णतेमुळे जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. अशा उन्हात ऑइल पातळ होतं, सीलं कडक होतात. म्हणून पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच ऑइल वापरा आणि ते वेळेवर बदला. पातळ तेलाने टर्बो झिजतो, फार जाड तेल त्या बारीक पाइपमधून लवकर पोचत नाही.

दुसरी गोष्ट धूळ. अमरावती-अकोला हायवे आठवा. जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून तिथे गिनीज रेकॉर्ड झाला, पण त्याआधी कित्येक वर्षं त्या रस्त्यावर खड्डे आणि धूळच होती. तेव्हा धावलेल्या गाड्यांनी ती धूळ खाल्ली आहे. फिल्टरमधून निसटलेली धूळ कॉम्प्रेसरची पाती खाते, रिंगा घासते, रिंगा झिजल्या की ब्लो-बाय वाढतो आणि आपण पुन्हा चेंबरच्या दाबावर येतो. फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारायची तर आतून बाहेर, हलक्या दाबाने. नाहीतर बदललेला बरा. कापसाच्या हंगामात तो जास्त वेळा बघा.

तिसरी गोष्ट चिखलदरा. परतवाड्याहून घाट चढताना टर्बो पूर्ण जोरात असतो. वर पोचलो की आपण ताबडतोब चावी काढतो आणि पॉइंटवर फोटोला पळतो. पण त्या क्षणी तेलाचा प्रवाह थांबतो, तापलेल्या टर्बोत उरलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो आणि तोच पुढे पाइप तुंबवतो. म्हणून घाट चढल्यावर किंवा हायवेवर जोरात आल्यावर एक-दोन मिनिटं गाडी स्लोवर चालू राहू द्या. फोटो तोपर्यंत थांबतात!

शेवटी वहीचा विषय. ऑइल किती खाते हे अंदाजाने सांगू नका, मोजा. सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पट्टी बघा आणि वरच्या खुणेपर्यंत भरा. अमरावती-अकोला जाऊन-येऊन साधारण दोनशे किलोमीटर होतात, अशा पाच फेऱ्यांनी हजार किलोमीटर. तेव्हा पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरायला किती मिली लागलं ते लिहून ठेवा आणि पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून बघा. आकडा हातात असला की गॅरेजमधलं बोलणं वेगळ्याच पातळीवर जातं.

तर मित्रांनो, मिस्त्री आपले शत्रू नाहीत. उलट आपल्या लॅबमधल्या मॉडेलवर जे दिसत नाही ते त्यांच्या हाताला कळतं. पण त्यांच्याकडे दिवसाला दहा गाड्या असतात आणि आपल्या घरी एकच. गाडी रोज बघणारे आपण. डाग कुठे पडतो, धूर कोणत्या रंगाचा, केव्हा येतो आणि हजार किलोमीटरला किती तेल लागतं, एवढ्या चार ओळी लिहून नेल्या तर चांगला मिस्त्री खूश होतो आणि घाईत असलेला मिस्त्री सावध होतो. आधी पट्टी, मग फिल्टर, मग ब्रीदर, मग होज पाइप, आणि टर्बो सगळ्यात शेवटी. हा क्रम घरी फोन करून सांगा. यंदाच्या सुटीत बाबांसोबत एकदा बोनट उघडा आणि पुठ्ठा मात्र मेसमधून न विचारता उचलू नका!

– एक विद्यार्थिनी,
तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी